ओ ठेवून जा

बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, वळणावरून आमचं घर दिसत नाही. मध्ये बोडीची उंच पाळ येते, पाळीवरचे मोह येतात, मग बांबूचं बेट. पण घर ऐकू येतं. खोटं कशाला सांगू, आमच्या घराचा आवाज तीन गावं जायचा. विश्वास नसेल तर चौथ्या गावात विचारा. तिथली माणसं सांगतील की बाबा, आमच्यापर्यंत तेवढा नाही आला.

या वळणावर यंदाही मी पिशवी खाली ठेवून उभा राहिलो. मोहर्लीच्या जंगलाचं गेट पावसाळ्यात बंद झालं की मी गावी येतो. बाकीचे महिने तिकडे पाहुण्यांना जिप्सीतून वाघ दाखवतो, आणि वाघ नाही दिसला तर वाघाच्या गोष्टी दाखवतो. माझ्या गोष्टीतला वाघ खऱ्यापेक्षा नेहमी हातभर लांब असतो. मी सांबराची धोक्याची हाक काढतो, वानराची खोक काढतो, मोर काढतो. एकदा एका बाईसाहेबांच्या आग्रहाखातर वाघ काढला, तर पुढच्या जिप्सीतले लोक कॅमेरे घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या गाइडने मला आठ दिवस चहा पाजला नाही. आवाज काढणं हा माझा धंदा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच खोडीपायी झालेलं आहे.

दिवेलागणीला वळणावर पोचायचं, अशा बेतानेच मी बस धरतो. यंदाही तसाच पोचलो. बांधीतून भाताच्या कोवळ्या पऱ्ह्यांचा हिरवा, ओला वास येत होता. बेडकांची सभा भरली होती आणि अध्यक्ष कोण यावरून भांडण चाललं होतं. कुणाच्या तरी तव्यावर सुकी मासोळी पडली होती, तिचा धूर पाळीवरून खाली उतरत होता. सगळं जागच्या जागी होतं. घर तेवढं गप्प होतं.

उन्हाळ्यात मोठबा गेला. निरोप आला तसा मी आलो, खांदा दिला, तेरवी जेवलो, परत गेलो. पण तो गेला हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते इथे कळलं, वळणावर, काहीच ऐकू न आल्यावर.

मोठबा म्हणजे बाचा मोठा भाऊ. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून वाळलेला होता. कशाने, हे त्याने मला सात वेळा सांगितलं आणि सातही वेळा वेगळं. एकदा अस्वलाने, एकदा मोहाच्या फांदीने, एकदा बोडीतल्या मगरीने. आमच्या बोडीत भर श्रावणात म्हशीचं पोट भिजत नाही, तिथे मगर! सातव्यांदा म्हणाला, "तुझा बाप जन्मला तवा त्याले एकच पाय होता गा. लहान भाऊ, काय करतो? माझ्यातला एक देल्ला." मी कितीतरी वर्षं बाच्या डाव्या पायाकडे आदराने पाहत असे.

त्या पायामुळे मोठबा मिरची तोडायला येऊ शकत नव्हता. धान कापून, चुरून, बांबूच्या ढोलीत भरून झालं की पौषात गावच्या गाव नदीपलीकडे तेलंगणात जायचं. पारापाशी पिकअप उभी राहायची. तिच्यात माणसं, पोरं, तांदळाची गाठोडी, भगुणी, एखादी कोंबडी, एखादा रडका. एका पिकअपमध्ये साठ माणसं बसत. साठ म्हणजे मोजून साठ, एकसष्टावा मी होतो, टपावर. मोह पडायला लागले की त्याच गाडीने परत. मधले दोन-अडीच महिने गावात फक्त म्हातारे, लंगडे, बैल, आणि जंगल. पहिल्या आठवड्यात जंगल पाळीवर येऊन बसे. दुसऱ्या आठवड्यात कुंपणाशी. तिसऱ्यात ते घरामागच्या सांदवाडीतल्या वालाच्या वेलावरून हात फिरवत असे.

"रिकामं घर जंगलाले लगेच समजते," मोठबा म्हणायचा. "वाघाले वास येते म्हनतात ते खोटं. तो कानाचा पक्का. ज्या घरी भांडन नाई, त्या घरी तो सासऱ्याकडे आल्यावानी येते."

म्हणून मोठबा घर बोलकं ठेवायचा. रोज दिवेलागणीला अंगणात उभा राहून आम्हा सगळ्यांना नावाने हाका मारायचा, आणि आमच्या वतीने ओ सुद्धा तोच द्यायचा, ज्याच्या त्याच्या आवाजात.

त्यासाठी एक रीत होती. ती आमच्याच घरची, दुसरीकडे कुठे पाहिली नाही. निघायच्या सकाळी मोठबा आम्हाला अंगणात उभं करायचा. स्वतः डोळे मिटून खुंट्याला टेकायचा आणि एकेकाला हाक मारायचा. आपण रोजच्यासारखी ओ द्यायची. ती ऐकताना त्याचा जबडा हलायचा, तोंडात कुणी नवा गूळ ठेवल्यासारखा. मग मान हलवायचा. "ठेवली," म्हणायचा. "जा आता." ओ ठेवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि परतल्यावर सगळ्यात आधी, पाय धुवायच्याही आधी, पुन्हा हाक. आपण ओ दिली की तो म्हणायचा, "घे बाप्पा तुझी तुले. लय जड होती." मग दोन दिवस त्याचा स्वतःचा घसा बसलेला असे. पाहुण्यांची खोली रिकामी झाल्यावर घर बसतं तसा.

बाची ओ म्हणजे खोकला होता. बा जन्मात फार बोलला नाही, त्याला हाक मारली की तो एकदा खोकायचा, त्यात सगळं आलं. मायची ओ म्हणजे भांडण. "काय हाय? हात भरले हायत माये!" माझी ओ लांबलचक, वळणं घेत येणारी, तिच्यातच दोन खोट्या सबबी असत. आणि गिरजी.

गिरजी माझी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य असं की ती तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. हाताशी उभी असली तरी नाही. पहिली हाक गेली की ती जिथे असेल तिथेच, शेण थापता थापता, नखातली माती काढता काढता, किंचित हसायची. दुसरी गेली की हसू पुसायची. तिसरीला मान न वळवता म्हणायची, "आली नं!" तेही अशा सुरात, की बोलावणाऱ्यानेच येऊन तिला भेटावं.

"पह्यली हाक तिच्या कानाले," मोठबा हिशेब सांगायचा, "दुसरी तिच्या डोक्याले, तिसरी तिले. पोट्टी सरकारी हाय."

एका वर्षी जांभळीवरून पडून माझा हात मोडला. दोन ठिकाणी. चार म्हणालो तरी चालेल, पण दोन. म्हणून मी मागे मोठबापाशी राहिलो, आणि त्या वर्षी मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. सूर्य बांबूमागे गेला की तो बैलांपुढे तनीस टाकायचा, चिमणी पेटवायचा, अंगणाच्या मध्यावर काठी रोवायचा आणि सुरू करायचा. बाला हाक, मग खोकला. मायला हाक, मग भांडण. भांडण कधीकधी इतकं रंगायचं की शेजारचा डोमाजी कुंपणावरून ओरडायचा, "अबे, घरात बाई नाई, तरी तू हारून राह्यला!" एकदा मोठबा मायच्या आवाजात स्वतःला इतकं लागट बोलला, की स्वतःवरच रुसून जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मायच्याच आवाजात समजूत काढली, तेव्हा कुठे भाकर मोडली. घरोघर गोळ्या वाटणारी बाई आली, तर तिने बाहेरूनच आवाज मोजले आणि पाच जणांच्या गोळ्या पारावर ठेवून गेली. आणि पाळीवर खरोखरच एक वाघ येऊन बसायचा, पुढचे पंजे एकमेकांवर टाकून. आमच्याकडचं भांडण संपेपर्यंत ऐकायचा आणि सुस्कारा टाकून निघून जायचा. माझा अंदाज आहे, त्याच्या घरी बोलणारं कुणी नसावं.

गिरजीची पाळी आली की मोठबा दोन हाका मारून थांबायचा. कोंबडी फडफडायची, बैलाची घंटा एकदा वाजायची, बोडीकडून थंडी सरपटत यायची. ती रिकामी जागा तो पुरेपूर भरू द्यायचा. मग तिसरी. मग, "आली नं!"

माझ्या नावाला मात्र तो म्हणाला, "तू हाय ना इथी. तुझी तूच दे." मी दिली. तो म्हणाला, "नाई जमली. मी चांगली देतो."

त्या वर्षी मी त्याच्याकडून आवाज काढायला शिकलो. हात बांधलेला, काम नाही, तोंड मोकळं. होळीपर्यंत मला सगळे यायला लागले. बाचा खोकला, मायचे भरलेले हात, डोमाजी, डोमाजीची शेळी. गिरजी सगळ्यात चांगली यायची.

पुढच्या पौषात माझा हात बरा होता. पारापाशी पिकअप हॉर्न मारत होती. गिरजी ओ न ठेवताच सकाळी जाऊन गाडीत कडेची जागा धरून बसली होती, कारण मागच्या खेपेला तिला कोंबड्यांच्या टोपलीवर बसावं लागलं होतं. बाने खोकला ठेवला. मायने भांडण ठेवलं. मी माझी ठेवली. मोठबा खुंट्याला टेकला, डोळे मिटून.

"गिरजे!"

पारापासून काही आलं नाही. येणारच नव्हतं.

"गिरजे!"

तिकडून ड्रायव्हरने शिवी दिली. हॉर्न थांबेना. माय म्हणाली, "राहू द्या ना भाऊजी, मांगल्या सालची याद हाय ना तुमाले." मोठबाने मान हलवली, नाही. शिळी ओ तो ठेवत नसे. तो तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेत होता, आणि माझ्या तोंडाला खाज सुटली. मी कुडाच्या आड झालो आणि गिरजीचा आवाज काढून, वर थोडा गूळ लावून ओरडलो, "ओ मोठबा, आलीऽऽ!"

मोठबाचे डोळे मिटलेलेच होते. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. तोंडभर हसला तो. "दुसऱ्याच हाकेले!" म्हणाला. "पोट्टी शहानी झाली." आणि मग, "ठेवली."

बा पुढे निघून गेला होता. माय गाठोडं उचलण्यात होती. कुणी पाहिलं नाही. गाडीत मी गिरजीला सांगितलं, तर तिने माझ्या डोक्यात अशी टपली मारली की पुढची दोन गावं मला दिसलीच नाहीत.

"माझी ओ तू काऊन ठेवली बे?"

"तूच देऊन नाई राह्यली, तर काय करू?"

"आता मोठबा दोन महिने तुलेच हाक मारन, आन नाव माझं." ती रस्त्याकडे पाहत बसली. नदीचा पूल आला तेव्हा म्हणाली, "जाऊ दे. परत आल्यावर मी देईन त्याले खरी."

तिकडचं काय सांगू? वावरात निळ्या ताडपत्रीची पालं. भुईवर मैलभर लाल मिरची वाळत पसरलेली, जणू कुणी सूर्य सोलून ठेवला आहे. ओंजळीत मिरची, केसात मिरची, भातात मिरची नसली तरी हातामुळे मिरची. मुकादम तेलुगूत ओरडायचा, "रा, रा," म्हणजे ये ये, आणि आम्ही शिंकत शिंकत जायचो. पहिल्या आठवड्यात बोटांची आग होते, दुसऱ्यात बोटं आपली नाहीतच असं वाटतं. माय आम्हाला पळसाच्या पानाने भरवायची, हात न लावता. आणि एक नियम होता: मिरचीच्या दिवसांत रडायचं नाही. डोळे पुसायला हात नसतात. गिरजी चालता चालता मिरचीच्या देठांची माळ करायची आणि माझ्या नकळत पाठीवर अडकवायची.

इथे माझ्याकडे गोष्ट नाही. एका वाघाला मी नऊ वेळा मारून दहाव्यांदा जिवंत केलेला माणूस आहे, पण इथे नाही. तिला ताप आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी ताप नव्हता आणि गिरजी पण नव्हती. नदीच्या त्या काठावर, वाळूत, बाने सगळं केलं. नियम कुणी मोडला नाही. हात तसेच होते.

मोठबाला निरोप द्यायला तेव्हा फोन नव्हता. हंगाम संपेपर्यंत पिकअपही परत फिरणार नव्हती. आम्ही उरलेले दिवस मिरची तोडली. मायने कडेच्या दोन ओळी घेतल्या, स्वतःची आणि तिची.

परतलो तेव्हा मोह पडत होते. पिकअपने पारापर्यंत न जाता मोठ्या रस्त्यावरच सोडलं, म्हणून आम्ही बोडीच्या बाजूने चालत आलो. दिवेलागण. मोहांखालचा पालापाचोळा जाळलेला होता, काळ्या जमिनीवर पिवळी फुलं टपटपत होती, आणि तो वास, गोड, जड, आंबत चाललेला. जे सांगता येत नाही, ते वासालाच सांगू द्यावं. बा पुढे, माय मधे, मी मागे. माझ्या पाठीवर मिरचीचं गाठोडं होतं.

वळणावर आलो, आणि पाळीपलीकडून मोठबाची हाक आली.

"गिरजे!"

आणि लगेच, दुसऱ्या हाकेचीही वाट न पाहता, मध्ये एक कोंबडीही फडफडायच्या आत:

"ओ मोठबा, आलीऽऽ!"

माय धावली. डोक्यावरचं गाठोडं पडलं, भगुणं गडगडत बोडीत गेलं, ती थांबली नाही. पाळीवरून, बांबूच्या बेटातून, काट्यांतून सरळ. बा जागच्या जागी खोकला. एकदा. मी हललो नाही. कारण तो आवाज कुणाचा आहे हे त्या वळणावरच्या तिघांत फक्त मला माहीत होतं. तो गिरजीचा नव्हता. माझा होता. वर लावलेल्या गुळासकट.

मी पोचलो तेव्हा माय अंगणात उभी होती, पायातून रक्त येत होतं. मोठबा काठीवर दोन्ही हात ठेवून एकेक चेहरा मोजत होता. तीन मोजून झाले. तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

मग त्याने रीतीप्रमाणे हाका मारल्या. बाला, मायला, मला. आम्ही ओ दिली, आपापली परत घेतली. चौथी त्याच्यापाशी तशीच राहिली. घ्यायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली तेव्हा मोठबा अंगणात गेलाच नाही. आम्ही सगळे घरात होतो, कुणाला हाक मारायची? चुलीपाशी बसलेली माय भाकर थापत होती. मग म्हणाली, "तिले काऊन हाक नाई मारली, भाऊजी?"

तो उठला. अंगणात गेला. "गिरजे!" आणि लगेच, "ओ मोठबा, आलीऽऽ!" मायने भाकर उलटली.

त्यानंतर किती पौष गेले. मिरचीला जाणं सुटलं. बा गेला. त्याचा खोकला मोठबाने ठेवून घेतला नाही. म्हणाला, "त्यानं जाताना मागून घेतला." मी मोहर्लीला लागलो आणि दर वर्षी गेट उघडायच्या वेळी माझी ओ ठेवून जायला लागलो, उन्हाळा संपता परत घ्यायला. पण गिरजीची तिथेच होती. रोज दिवेलागणीला. ती चौदा-पंधरा वर्षांचीच राहिली, गोडच बोलत राहिली, पहिल्याच हाकेला येत राहिली. मोठबाचे दात गेले तरी तिचे शाबूत होते. मी या वळणावर उभा राहून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, या खेपेला सांगून टाकू. मग घरी जाऊन पाहुण्यांच्या, वाघाच्या, बाईसाहेबांच्या हातभर लांब गोष्टी सांगायचो. सगळं गाव हसायचं. तेवढी एक बोटभर खरी गोष्ट तोंडातून निघायची नाही. आणि हळूहळू असं झालं, की मला गिरजीचा खरा आवाज आठवेना. जेव्हा आठवायला जाई, तेव्हा मीच ओ देत असे.

यंदा वळणावरून घरी गेलो तेव्हा माय दारात सूप घेऊन बसली होती. आता तिला मोठ्याने सांगावं लागतं, पण तिच्याशी कुजबुजत खोटं बोललेलं मात्र नीट ऐकू येतं.

"आला? पाय धू. रोवन्याले माणूस नाई भेटून राह्यला, उद्या तुलेच वाकाचं हाय."

मी पाय धुतले. तिने दिवा लावला. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मोठबानं जाताना एक गोष्ट सांगतली होती. तेरवीच्या गडबडीत तुले सांगाची राह्यली."

"काय?"

"म्हने, गिरजीची ओ पोट्ट्याले परत देजो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती खडे शोधत होती. परत, म्हणाला होता मोठबा. दे, नाही. परत दे.

इतकी वर्षं जे घशात अडकलं होतं ते तेव्हा आपोआप निघालं, कुणीतरी मागून पाठीत थाप मारल्यासारखं. "माय, त्या दिवशी ती ओ गिरजीची नव्हती. ती गाडीत होती. मी देल्ली होती, मजाकीत."

माय एक खडा फेकून म्हणाली, "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"वळनावरूनच. पह्यल्याच हाकेले ओ? आन गिरजी?" ती हसली. गिरजीच्या नावाने हसताना मी मायला इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"मंग धावली काऊन तू?"

"पाय धावले. कानाले मालूम होतं. पायाले कोन सांगन?"

"आन रोज हाक माराले लावे मोठबाले, ते?"

तिने सूप पाखडलं. कोंडा उडून दिव्यापुढून गेला. "त्याले मालूम नव्हतं ना बापू. त्याले वाटे, पोट्टी शेवटल्या सकाळी त्याच्यासंग गोड बोलली. ते मी कसं काढून घेऊ त्याच्यापासून?"

पण तो 'परत' म्हणाला होता. मोठबाला माहीत होतं आणि तो मायसाठी हाक मारत होता. मायला माहीत होतं आणि ती मोठबासाठी ऐकत होती. मी दोघांसाठी गप्प होतो. तिघांनी मिळून एका घरात एक खोटी ओ एवढी वर्षं राखली होती, आणि त्यात सगळ्यात मोठा थापाड्या म्हणून गावभर नाव माझं!

"चाल," माय उठली, माझ्या खांद्याचा आधार घेत. "अंधार पडून राह्यला. मार हाक."

"ओ कोन देईन?"

"तू मार तर."

अंगणाच्या मध्यावर मोठबाच्या काठीची खळगी अजून होती, पावसाच्या पाण्याने भरलेली. मी तिच्यापाशी उभा राहिलो.

"गिरजे!"

बेडूक थांबले. खरंच थांबले, यात मी हातभर काय, बोटभरही वाढवलेलं नाही. बांबूच्या बेटातून पाणी ठिबकत होतं.

"गिरजे!"

गोठ्यात बैलाची घंटा एकदा वाजली. बोडीकडून थंड वारा सरपटत आला. काही नाही. कुणी नाही. आणि तेव्हा मला ती आठवली. माझा आवाज नव्हे, ती. कुठेतरी तिकडे, मान न वळवता बसलेली, नखातली माती काढत, पुसलेल्या हसूसकट. अगदी तशीच गप्प. ही गप्प राहण्याची तऱ्हा जगात दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी तिसऱ्या हाकेसाठी छाती भरली. मायचा तांदळाच्या कोंड्याने भरलेला हात माझ्या कोपरावर आला.

"तिसरी राहू दे," ती म्हणाली.

आम्ही आत गेलो. बेडूक पुन्हा सुरू झाले. मायने मासोळी तव्यावर टाकली आणि मला म्हणाली, तिखट पाहून खा.

आता गेट उघडेल, मी मायपाशी माझी ओ ठेवून मोहर्लीला जाईन. जिप्सीत सांबर काढीन, वानर काढीन, मोर काढीन. पाहुणे म्हणतील, गाइडभाऊ, आणखी एक. मी म्हणेन, आणखी एक आहे साहेब, पण तो काढायचा नाही. तो तिसऱ्या हाकेचा आहे, छातीत भरून ठेवलेला.